समेची वाट

भीमसेन जोशी यांनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवास आम्ही पुष्कळ वर्षे हजेरी लावीत आलो आहोत. विलंबित एकतालाच्या मात्रा बाराच. पण एकेक आवर्तन कधी जवळजवळ मिनिटभर चालते. गायक कोठेही हिंडो, अकरावी मात्रा आली की आमची मान आपोआप उचलली जाते. ख्याल सुरू होऊन किती वेळ झाला हे घड्याळ न पाहता सांगण्याबद्दल मित्रमंडळींत आमची थोडी ख्यातीही आहे. घरात या विद्येवर विसंबून एकदा दूध तापत ठेवले होते, ते उतू गेले. पण तो पुरावा आम्ही ग्राह्य धरला नाही.

परवा सदाशिव पेठेतील एका स्नेह्यांकडे ही ख्याती पणास लागली. स्नेही चाळीस वर्षे तबला वाजवीत आलेले. चिरंजीव व्हायोलिन शिकतात. त्यांनी व्हिएन्नाच्या आंटोन वेबर्नच्या सहा लघुरचनांची ध्वनिमुद्रिका लावली. दोन व्हायोलिने, एक व्हिओला व एक चेलो यांच्यासाठी या रचना १९११ ते १९१३ या काळात झाल्या. त्यांत षड्जच नाही! सप्तकातले बाराही स्वर सारख्याच हक्काने वावरतात; कोणी कोणाच्या घरी परतत नाही. ठेका तर नाहीच. स्नेह्यांनी गुडघ्यावर बोटांनी मात्रा धरून पाहिल्या आणि तिसऱ्या तुकड्यात हात आवरता घेतला.

“काका, किती वेळ झाला असेल?” चिरंजीवांनी विचारले. आम्ही ठामपणे दहा मिनिटे सांगितली, स्नेह्यांनी आठ. ज्यांनी गाणे कधी शिकले नाही त्या वहिनी चहाचा ट्रे ठेवीत म्हणाल्या, “चार-पाच असतील.” घड्याळाप्रमाणे चार मिनिटेच झाली होती.

घरी येताना आम्ही मनाशी वाद घातला. ताल नव्हता म्हणून चुकलो म्हणावे, तर धृपदाच्या नोमतोम आलापातही ठेका नसतो आणि तेथे आमचा अंदाज सहसा ढळत नाही. परंतु तेथे मागे तंबोरा असतो. मंद्रातून मध्य सप्तकात, तेथून तार षड्जाकडे गायक घाट चढावा तसा चढतो, आणि माथा किती उरला हे आपणांस दिसत असते. म्हणजे इतकी वर्षे आम्ही काळ मोजीत नव्हतो की काय? उरलेली वाट तेवढी मोजीत होतो. वेबर्नपाशी वाटच नाही. म्हणून प्रत्येक स्वर नव्याने, एकेकटा ध्यानात धरावा लागला, आणि ते ओझे आम्ही वेळेच्या खाती मांडले. वहिनींना कशाचीच वाट पाहावयाची नव्हती. अर्थात एका घरच्या चहावरून सिद्धान्त काढू नये, हे आम्ही जाणतो.

त्यानंतर आम्ही ती मुद्रिका चार वेळा ऐकली. आता काही ठिकाणचे मौन येण्यापूर्वीच ओळखू येते, आणि चार मिनिटे चारच वाटू लागली आहेत. स्नेही मात्र पुन्हा ऐकावयास राजी नाहीत. “अहो, सम नाही तेथे आपण चुकलो हे तरी कळायचे कसे?” असे ते विचारतात. आम्हांस अद्याप उत्तर सुचलेले नाही.