कपाटातला कॅमेरा

मैत्रिणींनो, तुमच्याही कपाटात साड्यांच्या मागे एखादा छोटा डिजिटल कॅमेरा पडून आहे का? माझा आहे. २०११ साली शिकवणीच्या पैशांतून घेतलेला, पाच हजारांच्या आतला, १० मेगापिक्सेलचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. मोबाइल आला आणि तो मागे पडला.

परवा भाची म्हणाली, "मावशी, तो मला दे ना! सहल रायगडावर जातेय आणि शाळेत मोबाइल चालत नाही."

द्यायचा तर चालतो का ते बघावं, म्हणून नवे सेल घातले. (जुने मी आठवणीने काढून ठेवले होते. आत राहिले की ते पाझरतात आणि कॅमेरा बाद होतो.) सुरू केला, तर कार्डात आई!

२०१३ ची तिची शेवटची दिवाळी. भाऊबीजेच्या संध्याकाळी ती मामाला ओवाळतेय, असे सात फोटो, आणि सातही हललेले. या लहान कॅमेऱ्यांचा हाच मोठा दोष. आतला प्रकाश टिपणारा तुकडा करंगळीच्या नखाएवढा. उजेड कमी असला की त्याला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात आपला हात हलतो. फ्लॅश लावावा तर चेहरा पांढराफटक आणि मागचा कंदील गायब. तेव्हा मी त्या कॅमेऱ्यावर काय चिडले होते!

पण त्याच दिवशीचा सकाळचा एक फोटो होता. आई अंगणात रांगोळी काढतेय, मी पायरीवरून झूम करून काढलेला. तिला पत्ताही नव्हता. कोवळं ऊन होतं. चष्म्याच्या दांडीला गुंडाळलेला दोरासुद्धा स्पष्ट दिसतो.

मी कार्डासकटच कॅमेरा देणार होते, बायांनो! जागा करायला पोरीने सगळं पुसलं असतं. ह्यांनी त्याच रात्री फोटो संगणकावर उतरवले आणि दुसऱ्या दिवशी मी छापून आणले. चार बाय सहा इंचांच्या फोटोला २ मेगापिक्सेलही पुरतात, तेव्हा आकड्यांचा बाऊ करू नका.

भाचीला सांगितलं, "उन्हात खुशाल काढ. बटण आधी अर्धं दाब, चौकट हिरवी झाली की पुरतं. भिंग पुढे सरकतं तेवढाच झूम खरा. पुढचा 'डिजिटल झूम' म्हणजे फोटो नुसता ताणणं. आणि दोरी मनगटात अडकव, गडावरून खाली पडला तर शोधायला कोण जाणार?"

"पण मावशी, मैत्रिणींना लगेच पाठवायचे कसे?"

"नाही पाठवता येत. घरी येऊन बघायचे."

तोंड जरा वाकडं झालं, पण घेऊन गेली. तिला नवं कार्ड घालून दिलं. जुनं माझ्या दागिन्यांच्या डबीत आहे.