उथळ कुंडीतली बया

बोगनवेलीला लाड सोसत नाहीत. रोज पाणी घाला, युरियाची चिमूट टाका. ती हिरवीगार होईल, हातहातभर फांद्या फेकेल आणि फुलांच्या नावानं ठणठणाट. तिला कडक ऊन हवं आणि अधूनमधून तहान हवी. माती वाळून पानं जराशी मलूल झाली, की मगच पाणी. असं थोडं उपाशी ठेवलं, की फांद्यांची टोकं रंगू लागतात. ऐन चैत्रात, शेजारच्या कुंड्या माना टाकत असताना, वीतभर उंचीची ही बया किरमिजी शालू नेसून उभी!

हा थाट पाकळ्यांचा नव्हे. जवळ जाऊन बघा: तीन कागदी रंगीत पानं आणि प्रत्येकाच्या मधल्या शिरेला चिकटलेली पांढुरकी बारीक नळी. फूल म्हणजे ती नळी. काट्याची गंमत त्याहून मोठी. पानाच्या बेचक्यातून काटा निघतो आणि फुलांचा तुराही तिथूनच. मुळात दोन्ही एकच अवयव. फुलायचं की बोचायचं, हे ती त्या बेचक्यात ठरवते.

माहेर ब्राझील. 1767 साली बूगँव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीची जहाजं रिओ द जानेरोला थांबली, तेव्हा मोहिमेतल्या कोमेरसाँ या वनस्पतिशास्त्रज्ञानं ती टिपली. त्याची मदतनीस जान बारे पुरुषवेशात जहाजावर वावरत होती. रानोमाळ हिंडले हे दोघं, नाव लागलं कप्तानाचं. चालायचंच.

आपल्याकडे ती इतकी रुळली, की महामार्गाच्या दुभाजकावर धूर खात फुलते. पण बोन्सायच्या ताटलीत आली, की तिचे नखरे कळतात. कोवळी हिरवी फांदी तारेनं हवी तशी वळते. तीच जून झाली, की वाकवताना काडकन मोडते. खोड दांडगं दिसलं तरी लाकूड मऊ. मोठी फांदी कापली तर जखम सहसा भरत नाही, पाणी मुरतं आणि आतून कूज धरते. म्हणून जाणकार कुजका भाग कोरून काढतात आणि ती ढोली मिरवतात. मला तर अशी पोखरलेली खोडंच आवडतात. एका खोडावर चार रंगांची कलमं बांधलेली झाडं बघवत नाहीत. ‘मेरी पामर’ची गोष्ट वेगळी. ती कुणी न बांधता एकाच झाडावर पांढरी आणि किरमिजी फुलते.

बहर ओसरला, की फांद्या दोन-तीन पानांवर छाटायच्या. पुढची फुलं नव्या फुटीवरच येतात. कुंडी बदलताना मात्र जपायचं. एवढी काटेरी, पण मुळं कमालीची ठिसूळ. मातीचा गड्डा फुटला, की रुसलीच. विटांचा चुरा, लाल माती, थोडं शेणखत, तळाला मोठी भोकं. पावसाळ्यात तिला पागोळीखाली ठेवू नये.

नवं रोप आणून वर्षानुवर्षं वाट बघण्यापेक्षा जुना बंगला पाडताना कुंपणाची बोगनवेल उपटली जाते का, यावर नजर ठेवावी. मनगटाएवढा, एकही पान नसलेला बुंधा मातीत रोवला, तरी बहुधा फुटतो. फक्त हातमोजे घालून जा. ती कुणाचीच भीड ठेवत नाही.