‘हो’साठी मोकळी जागा

लोहडीचं ‘सुंदर मुंदरिये’ गिटारवर बसवताना आधी एक गोष्ट ठरवावी लागते: गिटारनं गप्प कुठे बसायचं. ओळ म्हणणारा एक असतो आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘हो’ म्हणणारे बाकीचे सगळे. त्या ‘हो’वर तार वाजली की लोक थबकतात, गाणं आता वाजवणाऱ्याचं झालं असं समजून ऐकत राहतात. मग ते नुसतं ऐकायचं गाणं होतं. मला ते तसं होऊ द्यायचं नव्हतं.

मी नोएडात सेक्टर 137 मध्ये राहते. अ‍ॅक्वा लाईनचं स्टेशन जवळ, एक्स्प्रेस-वेचा आवाज रात्रभर, आणि जानेवारीत सकाळी खिडकीबाहेर समोरचा टॉवरसुद्धा दिसत नाही इतकं धुकं. या शहराची स्थापनाच 1976 ची, त्यामुळे इथे सगळेच कुठून तरी आलेले. कोणी बिहारमधून, कोणी कुमाऊंमधून, आम्ही साताऱ्याकडून. गाणी मात्र ज्याची त्याने घरातच ठेवलेली असतात. बाहेर येतात ती सणाच्या दिवशी, आणि हल्ली त्या दिवशीही स्पीकरवर दुसरंच काहीतरी लागतं.

गाणं मला शिकवलं समोरच्या दारच्या दादीजींनी. त्यांचं घराणं फाळणीत दिल्लीला आलं. मूळ गाव तेव्हाच्या गुजराँवाला जिल्ह्यातलं, म्हणजे ज्याच्या नावानं हे गाणं चालतं त्या दुल्ला भट्टीच्या पिंडी भट्टियाँच्याच मुलखातलं. निघाले तेव्हा दादीजी आईच्या कडेवर होत्या. गाव त्यांना आठवत नाही. गाणं पाठ आहे, कारण आईनं ते दर वर्षी म्हटलं, आधी निर्वासितांच्या वस्तीत आणि मग भाड्याच्या खोल्यांच्या अंगणात.

दुल्ला भट्टी हा अकबराच्या काळातला पंजाबचा बंडखोर. मोगलांच्या सारावसुलीविरुद्ध उभा राहिला आणि 1599 मध्ये लाहोरात त्याला फाशी दिली. तिथल्या मियानी साहिब कब्रस्तानात त्याची कबर आहे. सुंदरी आणि मुंदरी या दोन मुलींना त्यानं पळवून नेणाऱ्यांच्या तावडीतून सोडवलं, रानात आग पेटवून तिच्या साक्षीनं त्यांची लग्नं लावली आणि बापाच्या जागी उभं राहून ओटीत सेरभर साखर घातली, अशी कथा आहे. इतिहास आणि कथा यांचे सांधे इथे तपासत बसण्यात मला रस नाही. मला मोठी वाटते ती ही गोष्ट की मुसलमान बंडखोराचं नाव हिंदू आणि शीख घरांतली पोरं चार शतकं शेकोटीभोवती घेत आली आहेत, आणि आजही घेतात. पुढच्या ओळींत काकानं कुटलेली चूरी जमीनदार लुटून नेतात आणि त्यांना चोप मिळतो. पोरांना हा भाग सर्वांत आवडतो. सारा भरणाऱ्यांचा राग या गाण्यात अजून शाबूत आहे.

दादीजींनी शिकवायला बसवलं ते मटार सोलत. हिवाळ्यात दिल्लीकडे घराघरांत मटाराचे ढीग पडतात, कोणीही आलं की त्याच्यापुढे परात सरकवली जाते. मीही सोलायला लागले. ओळ त्यांनी म्हटली आणि हातातली शेंग दाबून फोडली, ‘टक्’. “पुत्तर, इथे ‘हो’,” त्या म्हणाल्या. पुन्हा ओळ, पुन्हा शेंग. त्या बैठकीत मला ओळी म्हणू दिल्याच नाहीत, नुसतं ‘हो’ म्हणायला लावलं. चाल चार-पाच सुरांत फिरते, वर चढत नाही. दम लागतो तो ठेक्याला. शब्द मागे-पुढे झाले तर त्या काही बोलत नसत. ‘हो’ उशिरा आला की मात्र शेंग हातात धरून थांबायच्या.

गिटारवर हात ठेवला तेव्हा सोपी वाट समोर होती. जी, सी आणि डी हे तीन कॉर्ड लावले की हे गाणं लगेच बसतं, आणि लगेच सिनेमातल्या गाण्यासारखं ऐकू येतं. कॉर्ड बदलला की गाणं कुठेतरी निघाल्यासारखं वाटतं, मग मुक्कामाला पोचणं भाग पडतं. लोहडीचं गाणं कुठे निघालेलं नसतं. ते आगीभोवती फिरतं, आणि लाकडं आहेत तोवर फिरत राहतं. पंजाबात तुंबीला एकच तार असते. लालचंद यमला जट्ट यांनी त्या एका तारेवर आयुष्यभर गाणी उभी केली. सहा तारा हाताशी आहेत म्हणून सहाही प्रकारची करामत दाखवलीच पाहिजे असं नाही.

म्हणून मी तारा उतरवल्या. नेहमीच्या लावणीत जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई असे सूर असतात. पहिली आणि सहावी तार डीला आणली, दुसरी ए-ला. झाली डी-ए-डी-जी-ए-डी. डेव्ही ग्रॅहम या इंग्लिश गिटारवादकानं 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला, मोरोक्कोत ऐकलेल्या संगीताशी मेळ बसावा म्हणून ही लावणी रूढ केली, आणि पुढे इंग्लंड-आयर्लंडकडच्या लोकगीतांत ती सर्रास आली. तिच्या मोकळ्या तारांत गंधारच नाही. त्यामुळे सूर हसरा किंवा रडवा असा ठरून जात नाही. तंबोऱ्यासारखा षड्ज-पंचम खाली घुमत राहतो आणि गाणाऱ्याला हवं तिथे जाता येतं. बाहेरून आलेली लावणी आपल्या गाण्याला इतकी मानवते, हे मला आजही फार सुखाचं वाटतं.

ठेका ढोलकडून घेतला. पंजाबी ढोलाला दोन काठ्या असतात: जाड, वाकडी डग्गा आणि वेताची बारीक तीली. माझा अंगठा डग्गा झाला, तो सहावी आणि चौथी तार आलटून-पालटून धरतो. नखं तीली झाली, वरच्या दोन तारांवर. ओळ संपली की उजव्या हाताचा तळवा तारांवर आडवा टेकवायचा, नाद मरू द्यायचा आणि त्याच हालचालीत गिटारच्या अंगावर एक थाप. दादीजींची शेंग फुटायची तिथे. थाप पडली की गिटार पुरती गप्प, आणि ती जागा लोकांची.

खरी परीक्षा थंडी घेते. नोएडात जानेवारीच्या रात्री पारा सात-आठ अंशांवर येतो, कधी त्याहूनही खाली. उबदार खोलीतून गिटार उघड्यावर आणली की पोलादी तारा लगेच गार होतात, आखडतात आणि सूर चढतो. लाकूड मागाहून सावकाश गार होतं. चढलेला सूर उतरवून घेतला आणि शेकोटीजवळ गेलं, की तारा तापून सैल पडतात आणि सूर पुन्हा खाली. त्यात धुक्याचा ओलावा तारांवर बसतो. म्हणून गिटार पिशवीतच ठेवून अर्धा तास आधी खाली न्यायची, लगेच उघडायची नाही. आगीपासून चार पावलं लांब बसायचं. जवळच्या धगीनं सरससुद्धा मऊ पडू शकतो. खांद्यावर जुन्या सुती साडीचा तुकडा टाकायचा आणि दर थोड्या वेळानं तारा पुसायच्या. घरात असते तेव्हा मात्र उलट काळजी. हीटर लावलेल्या खोलीतली हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं आणि पट्ट्यांची टोकं बोटांना टोचायला लागतात. मग हीटरपासून लांब, पेटीत, ओल्या स्पंजाच्या डबीसोबत. बोटांना चहाच्या पेल्याशिवाय दुसरं औषध नाही. बधिर बोटाला तार लागल्याचं कळत नाही, आणि कळलं नाही की जोर जास्त पडतो.

लोहडी आणि आपली भोगी बहुतेक वर्षी एकाच दिवशी येतात. त्या दिवशी आमच्याकडे तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि पावटे, ओले हरभरे, वांगी, गाजर, बोरं घातलेली भोगीची भाजी असते. आई दुपारीच डबा घेऊन समोर जाते आणि येताना रेवड्या, गजक आणि भुईमुगाच्या शेंगा घेऊन येते. तीळ, गूळ आणि शेंगदाणा यांवर दोन्ही घरांचं एकमत आहे.

संध्याकाळी खाली आग पेटते. प्रदूषण वाढलं की उघड्यावर जाळण्यावर बंधनं येतात, त्यामुळे हल्ली ढीग लहान असतो, लोखंडी घमेल्यात मावेल एवढा. मला हे बरं वाटतं. मोठ्या आगीपासून लोक लांब उभे राहतात, लहान आगीला जवळ यावं लागतं. गिटार मी स्पीकरला जोडत नाही. आवाज दोन रांगांपलीकडे जात नाही, आणि या गाण्याला तेवढा पुरतो. सोसायटीला नाचाचं संगीत हवं असतं, ते नंतर लागतं आणि त्यातही मजा आहे; आधीचा अर्धा तास फक्त मागून घेतलेला असतो. दादीजी खुर्चीत, गुडघ्यांवर शाल. त्या ओळ म्हणतात, अंगठा चालतो, थाप पडते. सुरुवातीला ‘हो’ म्हणणारे दादीजींच्या घरचेच असतात. मग समोरच्या पोरांना जागा कळते. एकदा जागा कळली की पोरं ती सोडत नाहीत. मल्याळी, बंगाली, मराठी, सगळी एका दमात ‘हो’ म्हणतात आणि शेंगा, लाह्या आगीत टाकतात. चोप देण्याच्या ओळीला तर आरोळीच उठते.

एकदा गाणं थांबल्यावर दादीजींनी आईकडे पाहिलं. “बहनजी, आता तुमचं.” आपल्याकडे भोगीला म्हणायचं असं एखादं ठळक गाणं नाही. भोंडला, भुलाबाई आश्विनातली. आईनं थोडा विचार केला आणि आजीची जात्यावरची ओवी धरली, थंडीतल्या पहाटे दळताना म्हणायची. मी लावणी बदलली नाही. जात्याची घरघर हाच ओवीचा तंबोरा असतो, आणि तो माझ्या खालच्या तारांत होताच. ढोलाचा ठेका सोडून अंगठा नुसता फिरता ठेवला, खुंट्याला धरून फिरावा तसा. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. जाती बंद पडली, तरी म्हणणाऱ्या बाया होत्या म्हणून ते काम झालं. आईच्या ओवीला ‘हो’ नव्हता. तरी दुसऱ्या कडव्याला दादीजींनी चरण संपताना हुंकार भरला, अगदी वेळेवर. दळायला समोर बसलेली दुसरी बाई भरते तसा.

तुमच्या इमारतीत, समोरच्या दारी, अशी एखादी आजी असेल. लोहडी असो, भोगी असो, बिहू असो किंवा पोंगल, तिला थंडीतलं एक गाणं पाठ असेलच. या जानेवारीत वाद्य घेऊन तिच्याकडे जा. कॉर्ड नंतर शोधा. आधी विचारा, लोकांनी कुठे म्हणायचं असतं; आणि तिला सगळी कडवी म्हणायला लावून फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. दादीजींची सगळी कडवी आता माझ्याकडे आहेत, ज्यांना हवी त्यांना मी देते.