नागपुरांतील चार दिवस

नागपूर म्हटलें कीं संत्रीं आणि वैशाखांतलें ऊन, या दोन गोष्टी परगांवच्या माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम उभ्या राहतात. आम्ही गेलों तो महिना माघाचा, म्हणून उन्हाच्या तडाख्यांतून वांचलों. संत्रीं मात्र यथेच्छ लाभलीं. निमित्त होतें आप्तांकडील एका मुंजीचें. बरोबर आमची मंडळी, दोन मुलें आणि ऐंशीच्या घरांत आलेल्या आमच्या काकू. कार्य आटोपल्यावर परतीच्या गाडीस दोन दिवसांचा अवकाश होता. सीताबर्डीचा किल्ला बाहेरून पाहिला, फुटाळा तलावावर मुलांना फिरवून आणलें, मेट्रोंत बसून शहरावरून एक फेरीहि मारली. हें सर्व कोणत्याहि प्रवासवर्णनांत सांपडेल. त्यासाठीं वाचकांचा वेळ घेण्याचें कारण नाहीं. सांगावयाचें आहे तें निराळेंच.

यजमानांचे चिरंजीव हिस्लॉप कॉलेजांत शिकतात. ‘हे हिस्लॉप कोण?’ असें आम्हीं सहज विचारलें. ‘कोणी पाद्री होता,’ यापलीकडे त्यांना सांगतां येईना. ज्याच्या नांवाच्या दारांतून रोज आंत जावयाचें त्याची एवढीच ओळख असावी, याचें आम्हांस वाईट वाटलें. पण आमची माहितीहि फारशी अधिक नव्हती. म्हणून कांहीं पुस्तकें चाळलीं.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे. १८४५ सालीं, भोसल्यांचें राज्य असतांना, ते नागपुरास आले आणि १८४६ मध्यें त्यांनीं येथें शाळा घातली. कॉलेज त्यांच्या पश्चात् १८८३ सालचें. त्यांचा मूळ हेतु स्वधर्माचा प्रसार करण्याचा, हें लपविण्याचें कारण नाहीं; त्यांनींहि तें लपविलें नाहीं. आपल्या पणजोबांच्या पिढीस अशा शाळांचें जें भय वाटे, तें अगदींच निष्कारण नव्हतें. परंतु हा मनुष्य केवळ प्रवचनें देऊन स्वस्थ बसला नाहीं. मुलांस शिकवावें, सवड मिळतांच नागपूरच्या आसमंतांतील खडक तपासावे, दगडांत रुतलेलीं प्राचीन प्राण्यांचीं आणि वनस्पतींचीं चिन्हें गोळा करावीं, गोंडांच्या वस्तींत जाऊन त्यांचे शब्द आणि लिंगोचें गीत उतरून घ्यावें, असा त्यांचा क्रम असे. आपल्यापैकीं शहाण्यासुरत्यांनीं ज्या गोंडांकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं, त्यांच्या बोलण्यांत लिहून ठेवण्यासारखें कांहीं आहे, असें या परक्यास वाटलें! ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाटचीं प्राचीन शिलावर्तुळें पाहून घोड्यावरून परततांना, पुरानें फुगलेल्या ओढ्यांत त्यांचा अंत झाला. वयाचीं सेहेचाळीस वर्षें पुरीं व्हावयास चारच दिवस उरले होते. गोंडांविषयींचें त्यांचें टिपण पुढें १८६६ सालीं सर रिचर्ड टेंपल यांनीं प्रसिद्ध केलें.

नागपूरच्या रेल्वेशींहि एक स्मृति निगडित आहे, आणि ती तर आपल्याच घरांतली. कवि नारायण वामन टिळक कांहीं काळ नागपुरास होते. १८९३ सालीं ते येथून राजनांदगांवीं नोकरीसाठीं निघाले असतां आगगाडीच्या डब्यांत एका गोऱ्या गृहस्थाची गांठ पडली. काव्याच्या गोष्टी निघाल्या, आणि उतरतांना त्या गृहस्थांनीं टिळकांच्या हातीं नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनीं ती वाचण्याचें वचन दिलें व पाळलें. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील तीन अध्यायांचें जें गिरिप्रवचन, त्यांत त्यांचें मन गुंतलें तें गुंतलेंच. फेब्रुवारी १८९५ मध्यें मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत कोणी दिली? ती लक्ष्मीबाईंनीं दिली. पदरीं लहान दत्तू. नवरा जिवंत असून दुरावलेला. सभोंवतीं दया करणारीं आणि बोल लावणारीं माणसें. तीं चार-पांच वर्षें या बाईंनीं कशीं काढलीं असतील! धर्म घराला सांवरण्यासाठीं असतो म्हणतात. येथें त्यानेंच घर दुभंगलें. पुढें त्या टिळकांकडे आल्या तरी आपलें सोंवळें त्यांनीं सोडलें नव्हतें. नवऱ्याचा धर्म एक, बायकोचा दुसरा, असा संसार कांहीं काळ चालला. अखेर जातिभेद माणसानेंच केला, हा विचार त्यांच्या स्वतःच्या मनांत उगवला, तेव्हां सोंवळें सुटलें. आणि १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. मग त्या घरांत कितीतरी पोरकीं मुलें वाढलीं. पैसा टिळकांच्या हातीं टिकत नसे. त्या रिकाम्या हातांवर घर चालविण्याचें काम लक्ष्मीबाईंचें. ‘स्मृतिचित्रें’ वाचणारास हें ठाऊकच आहे. आणि टिळक? तुकोबांच्या वाटेनेंच आपण ख्रिस्तापाशीं पोंचलों, असें ते शेवटपर्यंत सांगत.

रात्रीं जेवणानंतर हा विषय निघाला. यजमानांच्या कपाटांत मराठी शुभवर्तमान होतें. तीन अध्याय वाचावयास कितीसा वेळ लागणार? आम्ही वाचूं लागलों. काकू वाती वळीत ऐकत होत्या. दान करावें तें उजव्या हाताचें डाव्यास कळूं नये असें. दुसऱ्याच्या डोळ्यांतील कणाआधीं स्वतःच्या डोळ्यांतील ओंडका पाहावा. काकू म्हणाल्या, ‘हें आपलें कुसळ-मुसळच कीं रे!’ उद्यांची काळजी उद्यांवर सोंपवावी, हें आमच्या मंडळींस मुळींच पटलें नाहीं. महिन्याचा हिशेब ज्या बाईस जुळवावा लागतो तिनें तें कसें पटवून घ्यावें?

मग तो भाग आला. तूं वेदीपाशीं अर्पण घेऊन आला असतांना, तुझ्या भावाच्या मनांत तुझ्याविषयीं कांहीं आहे असें आठवलें, तर अर्पण तेथेंच ठेव, आधीं जाऊन भावाशीं समेट कर आणि मग पूजेस ये, अशा अर्थाचा. काकूंचा हात थांबला.

‘अरे, महालांत तुझा चुलतभाऊ राहतो. परवां मुंजीला आला होता. तूं त्याच्याशीं बोलला नाहींस, तें मी पाहिलें.’

आम्हीं बाजू मांडली. वाटणीच्या वेळीं झालेला अन्याय, मळ्याचे कागद, वडिलांना बोललेले शब्द. अकरा वर्षांचा साठा होता. त्यास वेळ लागला. काकूंनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, ‘तें पुन्हां वाच बरें. तुझ्या मनांत त्याच्याविषयीं असेल तर, असें आहे, कीं त्याच्या मनांत तुझ्याविषयीं असेल तर?’

आम्हीं पुन्हां पाहिलें. भावाच्या मनांत, असेंच तेथें होतें. न्याय कोणाच्या बाजूस आहे याची पृच्छा त्या वाक्यांत कोठेंहि नव्हती. आजवर ही ओळ आम्हीं वाचली असती तर ती चुलतभावाला लागू केली असती, स्वतःला नव्हे!

‘मग आपल्या धर्मांत हें सांगितलेलें नाहीं का?’ आम्हीं उगीचच विचारलें.

‘सांगितलें आहे कीं! रोज देवापुढें बसतोस तेव्हां तुला आठवलें नाहीं, एवढेंच. ज्याच्या पोथींत आठवलें त्याचे उपकार मान, आणि उद्यां जा.’

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही महालांत गेलों. जुना वाडा, अरुंद बोळ, दारांत तुळस. दार वहिनींनींच उघडलें. क्षणभर त्यांना काय बोलावें तें सुचेना. मग ‘या’ म्हणून त्या बाजूस झाल्या. दादा आंतून आले. मळ्याचा विषय त्यांनीं काढला नाहीं, आम्हींहि नाहीं. वडिलांच्या अखेरच्या दुखण्यांत आपणांस कळविलें नाहीं, हें एक शल्य मात्र त्यांनीं बोलून दाखविलें. तें खरें होतें. आमच्या अकरा वर्षांच्या यादींत तें आम्हीं कधीं लिहिलेंच नव्हतें. आम्हीं चूक कबूल केली.

मळ्याचे कागद अद्याप जेथल्या तेथेंच आहेत, आणि त्यांचें काय होईल तें आज सांगतां येत नाहीं. परंतु यंदाच्या श्राद्धास दादा-वहिनी आमच्याकडे येणार आहेत, असें पत्र कालच आलें. काकूंनीं तें दोनदां वाचून घेतलें आणि पाटांची मोजणी सुरू केली आहे.