पाच नोव्हेंबरची सांगली

ऑक्टोबरची अखेर आणि नोव्हेंबरचा पहिला आठवडा आपल्या बेळगावात कसा जातो, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे काळा दिन. ज्या घरात आजी मराठी आणि आई कन्नड बोलते, तिथल्या मुलांनी त्या दिवशी कुठे जायचे हे कोणी विचारत नाही. ती बहुधा घरीच बसतात.

पण याच आठवड्यात आणखी तीन तारखा येतात. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. २ नोव्हेंबर १८८५ रोजी त्याचे कर्ते अण्णासाहेब किर्लोस्कर गेले. आणि ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केलेल्या ‘सीता स्वयंवरा’ची आठवण. वर्गात हे सांगत होतो तेव्हा बैलहोंगलच्या वाटेवरच्या गावाहून रोज एस.टी.ने येणारी एक मुलगी म्हणाली, “सर, एक तारीख सांगलीची, एक पुण्याची. यात आमच्या बाजूचं काय?” तिच्या घरची भाषा कन्नड, शिकते मात्र बी.ए. मराठी. मी काहीतरी पुस्तकी उत्तर दिले. ते माझे मलाच पटले नाही, म्हणून त्या वर्षी पाच तारखेला सकाळी मिरजेची गाडी पकडली.

घटप्रभा, रायबाग, कुडची करत गाडी कृष्णेचा पूल ओलांडते. दोन्ही बाजूंना ऊस. डब्यात कुडचीपर्यंत कन्नड जास्त, शेडबाळनंतर मराठी जास्त. पण नेमके कुठे पारडे फिरले ते कधी सांगता येत नाही. मिरजेहून सांगली जवळच. स्टँडवरून मी आधी गणपतीच्या देवळात गेलो, कारण या गोष्टीची सुरुवात ज्यांच्यापासून होते त्या चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनीच ते देऊळ बांधले.

आप्पासाहेबांच्या सांगलीत १८४२ च्या सुमारास कर्नाटकातून भागवत मंडळी आली. किनाऱ्याकडची ही मंडळी. अभ्यासक होन्नावरजवळच्या कर्कीचे नाव घेतात. त्यांचे खेळ राजेसाहेबांनी पाहिले, आवडलेही. पण असे काही मराठीत असावे, आणि थोडे नेटके असावे, असे त्यांच्या मनात आले. संस्थानच्या आश्रयाला असलेल्या विष्णुपंत भाव्यांवर त्यांनी ते काम सोपवले. भाव्यांनी पदे रचली, मुले जमवली, सोंगे बसवली, आणि वर्षभरात दरबारी मंडळींसमोर ‘सीता स्वयंवर’ उभे केले.

ज्याने कारवार-होन्नावरकडे रात्रभर बसून यक्षगान पाहिले आहे, त्याने भाव्यांच्या खेळाचे वर्णन जरूर वाचावे. आरंभी गणपती. मग सरस्वती. सूत्रधार टाळ-मृदंगाच्या साथीत पदे म्हणणार, आणि पात्रे त्या पदाचा धागा पकडून आपापली भाषणे ऐन वेळी जुळवणार. लिहून दिलेला संवाद नाही. यक्षगानातला भागवत आणि त्याचे वेषधारी हेच तर करतात! राक्षस आरडाओरडा करीत येत, म्हणून पुढच्या शहाण्या लोकांनी या नाटकांना ‘अललडुर्र’ म्हणून हिणवले. मला ते हिणवणे कधीच आवडलेले नाही. चेंड्याच्या दणक्यावर येणारा राक्षस ज्याने एकदा पाहिला, तो असे म्हणणार नाही.

मग भाव्यांनी नुसती उचल केली का? तसेही नाही. मराठी नाटके त्याआधी तंजावरच्या भोसल्यांनीही लिहिली होती. शहाजीराजांची नाटके तर दीडशे वर्षांपूर्वीची. तेव्हा ‘पहिले नाटक’ हा शब्द मी वर्गात जपूनच वापरतो. माझ्या मते भाव्यांचे मोठेपण नंतरचे आहे. १८५१ साली आप्पासाहेब वारले आणि राजाश्रय संपला. भाव्यांनी सोंगे-सामान गाडीत भरले आणि मंडळी घेऊन गावोगाव हिंडू लागले. १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. दरबारचा खेळ लोकांच्या पैशावर उभा राहिला तो तिथे.

संध्याकाळी भाव्यांच्या नावाच्या नाट्यमंदिराकडे गेलो. दर वर्षी याच दिवशी सांगलीत विष्णुदास भावे गौरवपदक देतात. १९६० साली त्याचे पहिले मानकरी होते बालगंधर्व. शंभरावा वाढदिवसही याच गावात झाला होता, १९४३ साली, स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या अध्यक्षतेखाली. नटराजाची पूजा, नारळ, हार, ओळखीचे नट दिसले की मागे वळणाऱ्या माना. सगळे कसे घरच्या कार्यासारखे. मला मात्र राहून राहून त्या भागवत मंडळींची आठवण येत होती. घरच्या कार्यात आजोळच्या माणसांचे नाव निघू नये, तसे काहीसे वाटले.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर तिच्याच रस्त्यावर होते. पुढच्या रविवारी बैलहोंगलवरून सौंदत्तीची गाडी धरली आणि गुर्लहोसूरला गेलो. बेळगावहून सुमारे ८० किलोमीटर. लोक इथे येतात ते चिदंबर महास्वामींच्या दर्शनाला. पण बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्मही इथलाच, ३१ मार्च १८४३ चा. म्हणजे ‘सीता स्वयंवर’ रंगण्याच्या सात महिने आधीचा. बेळगावात त्यांनी मास्तरकी केली, कमिशनरच्या कचेरीत नोकरी केली, आणि सदतिसाव्या वर्षी कालिदासाला मराठी गाणी दिली. त्यांच्या चालींत कर्नाटकी वळणे आहेत ती काही अपघाताने आलेली नाहीत. पुढे किर्लोस्करांचा हा थाट पाहूनच उत्तर कर्नाटकातल्या कन्नड कंपन्या संगीत नाटकाकडे वळल्या. गदगच्या गरुड सदाशिवरायांचे नाव आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना आजही आठवते. म्हणजे कर्कीहून सांगलीला गेलेले गदगला परत आले. बेचाळिसाव्या वर्षी अण्णासाहेबांनी डोळे मिटले तेही याच गावी.

देवळाबाहेरच्या चहावाल्या अण्णांना किर्लोस्करांचे विचारले. “किर्लोस्कर अंद्र पंपिनवरेन्री?” त्यांचेही बरोबर होते. कारखानदार लक्ष्मणराव १८६९ साली याच गावात जन्मले. मी म्हटले, पंपाचे नव्हे, नाटकाचे. शाकुंतल लिहिलेले.

“शकुंतला? आमच्या जत्रेत झालं होतं की,” ते मराठीत म्हणाले, आणि चहा गाळायचे थांबून सगळी कथा सांगत बसले. नाटक कन्नडमध्ये होते की मराठीत, असे विचारल्यावर बराच वेळ विचार केला. ते काही आठवेना. मासळीच्या पोटातून अंगठी निघाली तेव्हा शेजारी बसलेली आई रडली होती, ते आठवत होते.