न्यूकॅसलचा कोळसा, दीपनगरची वाफ

दहावीच्या इंग्रजी गाईडच्या शेवटी वाक्प्रचारांची यादी असायची. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे अर्थ. ‘कॅरी कोल्स टू न्यूकॅसल : निरर्थक उठाठेव करणे’ इथं मी अडले. अण्णा नुकतेच पाळीवरून आले होते. हात धुताधुता म्हणाले, “अगं, म्हणजे रावेरला केळी विकायला नेणं.” ते दीपनगरच्या वीज केंद्रात बॉयलर विभागात होते आणि आम्ही वसाहतीत राहायचो. विदर्भाकडून कोळशाच्या मालगाड्या यायच्या. गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे घडी घालण्याआधी आई दोनदा झटकायची. त्यामुळे कोळसा येतो कुठून ते ठाऊक होतं. तो कुठं नेऊ नये, ते त्या दिवशी कळलं.

गेली अकरा वर्षं मी त्याच न्यूकॅसलमध्ये राहतेय.

शेजारचे आजोबा खाणकामगार होते. २००५ साली एलिंग्टनची खाण बंद पडली आणि इंग्लंडच्या या ईशान्य कोपऱ्यातलं खोल खाणकाम संपलं. त्याच सुमारास टाईन बंदरात परदेशी कोळसा उतरू लागला होता, वीज केंद्रांसाठी. तो बोटीतून उतरताना आजोबांनी पाहिलेला. मला सांगताना ते एवढंच म्हणाले, “कोल्स टू न्यूकॅसल, पेट.” इकडे लेकीसुनेला मायेनं ‘पेट’ म्हणतात. पुढं बराच वेळ ते कुंपणाच्या फळीवरून बोट फिरवत राहिले. गाईडमधला अर्थ त्या क्षणी मला फार तोकडा वाटला.

मी त्यांना आपली म्हण सांगितली, कोळसा उगाळावा तितका काळाच. उगाळणं कळावं म्हणून आईनं दिलेली सहाण दाखवली, चंदनाचं खोड दाखवलं. त्यांनी सहाणेवर हात ठेवला, मग बाही वर सारून मनगट पुढं केलं. तिथं एक बारीक निळी रेघ होती. जखमेत कोळशाची भुकटी राहिली आणि वरून कातडी भरून आली, की असा डाग उरतो. “आत गेला की निळा होतो,” ते म्हणाले. आपल्या म्हणीत हे नाही. ती म्हण कोळसा हातात घेणाऱ्याची आहे. हे कोळशाच्या पोटात उतरलेल्या माणसाचं बोलणं होतं.

खाणीत विषारी वायू कळावा म्हणून पिंजऱ्यातून पिवळा कॅनरी पक्षी नेत. धोक्याची पहिली खूण या अर्थानं ‘कॅनरी इन द कोल माइन’ आज कुणीही सहज म्हणतं. ब्रिटनच्या खाणींतून ते पक्षी काढून इलेक्ट्रॉनिक यंत्रं देण्याचा निर्णय १९८६ साली झाला. खाणकामगार त्यांच्याशी शीळ घालून बोलत, हे मात्र आजोबांकडूनच कळलं.

वाफेचं तसंच. ऑफिसातली एक सहकारी एकदा दार लावून पाच मिनिटं कडाडली आणि मग म्हणाली, “सॉरी, लेटिंग ऑफ स्टीम.” गाईडमध्ये ‘मन मोकळे करणे’ असं होतं. मला मात्र दीपनगरची रात्र ऐकू आली. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला की अख्ख्या वसाहतीवर गर्जना उठायची, खिडक्यांची तावदानं थरथरायची, आणि अण्णा झोपेतच पुटपुटायचे, “प्रेशर वाढलं होतं. झालं आता.” वाफ सोडली नाही तर बॉयलर फुटतो. म्हणून मी तिला ‘शांत हो’ म्हटलं नाही, तिचं संपेपर्यंत थांबले. आई म्हणायची, तोंडाची वाफ दवडू नकोस. आपली वाफ श्वासाची, ती जपून खर्चायची. इथली यंत्राची, ती वेळेवर सोडायची. मला दोन्ही लागतात.

वाफेची टर्बाइन याच भागातली. चार्ल्स पार्सन्सनं ती १८८४ साली टाईनकाठी बनवली. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या नौदल संचलनात त्याची ‘टर्बिनिया’ बोट साऱ्या युद्धनौकांना मागं टाकून धावली. ती बोट इथल्या डिस्कव्हरी म्युझियममध्ये आहे. मागच्या रविवारी तिथून अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. ते आता निवृत्त होऊन भुसावळला असतात. चष्मा पुसून त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

“रंग राहू दे गं,” ते म्हणाले, “वाफ आत कुठून शिरते ते दाखव.”