आधी विचारा, घरी कोणतं जनावर होतं?

केअर होममध्ये नवीन माणूस दाखल झालं, की नातेवाइकांना विचारायच्या प्रश्नांत माझा एक प्रश्न ठरलेला असतो. यांच्या लहानपणी घरी कोणतं जनावर होतं आणि त्याचं सगळं कोण करायचं? मुलं आधी घरातल्या कुत्र्या-मांजरांची नावं सांगतात. त्याच्याही आधी, असं म्हटल्यावर मग शेळी निघते, ससे निघतात, कबुतरं निघतात.

मी जर्मनीतल्या रूर भागात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. हा कोळशाचा मुलूख. इथली शेवटची खाण, बोट्रोपची प्रॉस्पर-हानिएल, २०१८ च्या डिसेंबरात बंद झाली. खाणकामगारांच्या वसाहतींत घरामागे भाजीचा वाफा आणि लहानसा गोठा असायचा. गाय परवडायची नाही, म्हणून शेळी. तिला खाणकामगाराची गायच म्हणायचे. माळ्यावर शर्यतीची कबुतरं. महायुद्धानंतरच्या उपासमारीत ससे पाळले गेले ते खाण्यासाठी. आज केअर होममध्ये असलेली ऐंशी-नव्वदीची माणसं अशाच घरांत वाढली. त्यांच्या मांडीवर गुबगुबीत ससा ठेवला की सगळे हरखतात, असं मुळीच नाही. एखादी आजी पाठीवरून हात फिरवता फिरवता त्याच्या फासळ्या चाचपते आणि ‘अजून भरला नाही’ म्हणते. तरुण कर्मचारी दचकतात. मला मात्र ते वाक्य मोलाचं वाटतं, कारण ही बाई त्या क्षणी तिच्या घरची कर्ती आहे.

प्राण्यांच्या साहाय्याने केलेल्या उपचारांबद्दल मला जे सांगायचंय ते हेच आहे. प्राणी गोड असतो म्हणून उपयोगी पडतो, ही समजूत अपुरी आहे. डिमेन्शियात अलीकडच्या गोष्टी आधी पुसल्या जातात; हातांना लागलेलं वळण खूप उशिरापर्यंत टिकतं. मुलीला न ओळखणारे आजोबा कबुतराचे पाय दोन बोटांत धरून अंगठ्याने पंख अलगद दाबतात, अगदी जाणत्या माणसासारखे. दिवसभर इतरांकडून अंघोळ, जेवण, कपडे करून घेणाऱ्या माणसाच्या हाती तेवढा वेळ कुणाची तरी जबाबदारी येते. म्हणून मी कुणाला नुसतं ‘कुरवाळा’ म्हणत नाही. ब्रश देते, दाणे निवडायला देते, पाण्याचं भांडं भरायला सांगते.

आणि म्हणूनच आधी चौकशी हवी. महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ च्या हिवाळ्यात, जर्मनीच्या तेव्हाच्या पूर्व प्रशिया प्रांतातून लाखो लोक घोडागाड्या घेऊन पश्चिमेकडे निघाले. अनेक गाड्या गोठलेल्या खाडीवरून जाताना बर्फ फुटून घोड्यांसकट बुडाल्या. तेव्हाची लहान मुलं आज आमच्याकडे आहेत. घोडा त्यांच्यातल्या एकाला आजोळ देतो, तर दुसऱ्याला तो फुटलेला बर्फ. अल्सेशियन कुत्र्याचंही तसंच. युद्धातला आणि सरहद्दीवरचा पहारेकरी म्हणून त्याला पाहिलेली माणसं अजून हयात आहेत. १९६१ च्या कामगार-भरती करारानंतर तुर्कस्तानातून आलेले कामगारही आता म्हातारे झालेत. त्यांच्यापैकी अनेकांना कुत्र्याची लाळ धार्मिक दृष्ट्या अशुद्ध. अनातोलियाच्या खेड्यातून आलेल्या आजीपुढे कुत्रा आणण्यापेक्षा कोंबड्या आणाव्यात. ती आपण होऊन त्यांना दाणे टाकू लागते.

याने आजार बरा होत नाही, हे मी प्रत्येक कुटुंबाला स्पष्ट सांगते. बर्लिनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात केअर होममधले ६५ डिमेन्शियाग्रस्त होते. दहा आठवड्यांत, नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात चिडचिड, आक्रमकता आणि नैराश्य वाढलं. सोबत कुत्र्यासह सत्रं मिळालेल्या गटात ते होतं तिथेच राहिलं. कुणाला हे फळ किरकोळ वाटेल. पण सतत उतरणीला लागलेल्या आजारात दहा आठवडे थांबणं म्हणजे काय, हे सांभाळणाऱ्या सुनेला विचारावं. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात नऊ चाचण्या आणि ३०५ रुग्ण धरून निष्कर्ष निघाला, की नैराश्य किंचित कमी होत असावं आणि बाकी पुरावा कच्चा आहे. माझ्या अनुभवाशी हे जुळतं. जिथे सरसकट सगळ्यांपुढे एकच कुत्रा फिरवला जातो, तिथे फार काही घडत नाही.

कामाची शिस्त कडक आहे. २००१ पासून लागू असलेल्या जर्मन संसर्ग प्रतिबंधक कायद्यानुसार प्रत्येक केअर होमला स्वच्छतेचा लेखी आराखडा लागतो. प्राण्याचं लसीकरण आणि जंतनाशकाच्या नोंदी त्याला जोडूनच ठेवाव्यात. म्हाताऱ्या हातांची कातडी कागदासारखी पातळ, त्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. एवढासा ओरखडाही वाहत राहतो. म्हणून मांडीवर जाड पंचा घालायचा, नखं कापलेलीच हवीत. कुत्र्याला अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त वेळ कामाला लावायचं नाही. तो जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, मान वळवू लागला की सत्र तिथेच संपतं, आजोबांचा डोळा कितीही चमकत असला तरी. कुत्र्याला ‘नको’ म्हणता येत नसेल, तर ती त्याच्यावर सक्ती झाली.

मला याहून आवडते ती दुसरी वाट: प्राणी माणसाकडे न नेता माणूस प्राण्यांमध्ये राहायला नेणं. ऱ्हाइनलँड-फाल्ट्स राज्यातल्या मारिएनराखडोर्फ गावात एका चालू शेतावरच वृद्धांचं एकत्रित निवासस्थान आहे. झेपेल तो बटाटे सोलतो, कोंबड्यांना दाणे घालतो. श्लेस्विग-होल्श्टाइनमध्येही काही शेतकरी डिमेन्शियाग्रस्तांना दिवसभरासाठी बोलावतात. पैशांची अडचण मात्र कायम आहे. प्राणी-साहाय्यित उपचार म्हणून आजारविमा वेगळे पैसे देत नाही. घरी राहणाऱ्यांना १९९५ पासूनच्या शुश्रूषाविम्यातून आधारासाठी महिन्याला १३१ युरो मिळतात, ते मान्यताप्राप्त उपक्रमावरच खर्च करता येतात.

भारतात गावी आले की नातलग विचारतात, आईसाठी पिल्लू आणू का? देशात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक डिमेन्शियासह जगतायत, म्हणजे हा प्रश्न घरोघरचा आहे. माझं उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असंच असतं. पायात घुटमळणारं पिल्लू म्हणजे पडण्याचा धोका, आणि त्याचं सगळं करणार सूनच. त्यापेक्षा वडील शेतकरी असतील तर त्यांना ओळखीच्या गोठ्यावर न्या. पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग द्यायला बसवा. पण बैल शांत हवा आणि कासरा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात. शहरात असाल तर मुंबईत मीनल कविश्वर यांच्या अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशनसारख्या प्रशिक्षित लोकांकडे चौकशी करा. आणि जाण्याआधी मावशीला, आत्याला फोन लावून घरच्या जनावरांची नावं लिहून घ्या. ती माहिती असलेली माणसंही आता थकत चालली आहेत.